मुक्तांगण : स्वतःला दुरुस्त करत गेलेली संस्था

नागपुरात निघणाऱ्या स्मरणिकेत पुण्याच्या व्यसनमुक्ती संस्थेचा इतिहास कशाला, असं कोणी विचारलं तर त्याचं उत्तर रेल्वेच्या वेळापत्रकात आहे. विदर्भातल्या अनेक घरांनी आपला माणूस आझाद हिंद नाहीतर महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसवून पुण्याला नेला आहे. रोज पिणाऱ्या माणसाचं शरीर शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथरू लागतं. पहिल्या दोन दिवसांत आकडी येण्याचा धोका असतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून काहींना भलतंच दिसू लागतं, बोलणं भरकटतं, त्यात जीवही जातो. म्हणजे नागपूरला शेवटचा पेग घेतलेला माणूस भुसावळ येईपर्यंत कापू लागतो आणि पुणं अजून अर्ध्याहून अधिक दूर असतं. उपचाराची जागा रात्रभराच्या प्रवासावर असणं ही नुसती गैरसोय नाही, तो वैद्यकीय धोका आहे. एका शहरात ही सोय कशी उभी राहिली, तिच्यात काय काय सुधारावं लागलं, हे दुसऱ्या शहराने समजून घ्यायचं ते म्हणूनच.

आपल्या भागाला दारूचा प्रश्न नवा नाही. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात असहकाराचा ठराव झाला आणि पुढच्या वर्षी इथल्या दारूच्या दुकानांसमोर निरोधनं सुरू झाली, गोळीबारापर्यंत प्रकरण गेलं. १९३८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडाने स्वतःचा दारूबंदी कायदा केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर लाखोंच्या समुदायाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून ज्या बावीस प्रतिज्ञा म्हटल्या, त्यांत दारू न पिण्याचीही प्रतिज्ञा होती. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर गावोगाव व्यसनाविरुद्ध भजनं म्हटली. पुढे वर्धा १९७५ मध्ये, गडचिरोली १९९३ मध्ये कोरडं झालं. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. या सगळ्यामागे, विशेषतः गडचिरोली-चंद्रपुरात, बायकांची फार मोठी ताकद होती. तिला कमी लेखायचं काही कारण नाही.

पण शंभर वर्षांत आपण भट्टीविषयी जितकं बोललो, त्याच्या दशांशानेही पिणाऱ्याच्या खाटेविषयी बोललो नाही. बंदीने दुकान हलतं, माणसाच्या मेंदूत आणि यकृतात जे झालेलं असतं ते जागचं हलत नाही. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या निर्बंधांमुळे दुकानं बंद असताना, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सात जण सॅनिटायझर पिऊन दगावले. ती माणसं हौसेने पीत नव्हती. शरीर मागत होतं आणि त्या मागणीवर औषध देणारं जवळ कोणी नव्हतं. बंदी असावी की नसावी हा वाद चालू राहील. पण बंदी असो वा नसो, उपचार लागतातच, आणि तिथेच मुक्तांगणची गोष्ट सुरू होते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, आली. पन्नीवर ठेवून खालून काडी धरायची आणि धूर ओढायचा. कॉलेजातली, चाळीतली, बंगल्यातली मुलं महिना-दोन महिन्यांत तिच्या मुठीत जायची. कायदा जागा झाला तो १९८५ मध्ये, अमली पदार्थांविरोधी कायद्याने. उपचाराच्या जागा मात्र देशभर मोजक्याच होत्या. चेन्नईत शांती रंगनाथन यांनी १९८० मध्ये टीटीके रुग्णालय सुरू केलं होतं. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशनची सुरुवात केली होती. मराठी मुलखात त्यापलीकडे बहुतेक अंधारच.

पुण्यात डॉ. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट हे जोडपं राहत होतं. अनिताताईंना जवळचे लोक सुनंदा म्हणत. दोघेही बी. जे. मेडिकलचे. अवचटांनी डॉक्टरकी बाजूला ठेवून लेखणी धरली होती, अनिताताई येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. ओळखीतल्या एका घरातला मुलगा गर्दमध्ये सापडला. त्या निमित्ताने अवचट या मुलांमध्ये हिंडले, बसले, ऐकलं आणि लेखमाला लिहिली. पुढे ती ‘गर्द’ या पुस्तकात आली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. नुसतं हळहळण्यापेक्षा काही करा, आम्ही एक लाख रुपये देतो, असा त्यांचा निरोप. त्या काळी एक लाख ही मोठी रक्कम होती, पण रकमेपेक्षा तिने घातलेला पेच मोठा होता. लिहिणाऱ्याला आता नुसतं लिहून सुटता येणार नव्हतं. २९ ऑगस्ट १९८६ रोजी, येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारातच, पु. लं.च्या हस्ते मुक्तांगण सुरू झालं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढच्या सगळ्या कामाची घडण या जागेत आहे. आवार सरकारचं, पैसा समाजाचा, डॉक्टर सरकारी नोकरीतली पण जीव ओतणारी, आणि धावपळ करणारे स्वयंसेवक. चारही बाजू लंगड्या होत्या, म्हणूनच त्यांना एकमेकींचा आधार घ्यावा लागला. नवी इमारत बांधून मग काम सुरू करू, असं ठरलं असतं तर दहा वर्षं वर्गणीतच गेली असती. नागपुरात असंच आवार १८६४ पासून आहे. मनोरुग्णालयाशेजारच्या चौकाला रिक्षावाले आजही पागलखाना चौक म्हणतात आणि तिथे उतरायला लोक लाजतात. पुण्यात ‘येरवड्याला पाठवा’ हा विनोद तितकाच जुना. असल्या जागी दाखल व्हायला आलेल्या मुलांच्या आईबापांना काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते. तरी ते आले, कारण दुसरीकडे कुठे जायला जागाच नव्हती.

गर्दचा अंमल उतरताना जे होतं त्याला ही मुलं ‘टर्की’ म्हणतात. नाक-डोळे वाहतात, हाडं फुटल्यासारखी दुखतात, पोट धरत नाही, झोप नाही. टर्कीने माणूस सहसा मरत नाही, पण मरणापेक्षा भयंकर वाटतं म्हणून पळून जातो. दारूचं उलट. वरून कमी नाट्यमय, पण आकडी आणि भ्रमाच्या वाटेने जिवावर बेतणारं. त्यामुळे पहिला आठवडा डॉक्टरांचा. अंगाची आग कमी करणाऱ्या गोळ्या, दारूवाल्यांना बी-वन जीवनसत्त्व, सलाइन, झोप आणि रात्रभर लक्ष. हा भाग कोणत्याही चांगल्या रुग्णालयात होऊ शकतो. अडतं ते आठव्या दिवशी. अंग मोकळं झालं, भूक लागली, ‘आता मी बरा झालो’ असं माणसाला वाटू लागलं की खरं काम सुरू होतं, आणि ते औषधाच्या बाटलीत नसतं.

मुक्तांगणात साधारण पस्तीस दिवसांचा मुक्काम ठरत गेला. सकाळी योगासनं, मग गटचर्चा, व्याख्यान, वैयक्तिक समुपदेशन, संध्याकाळी मीटिंग. झाडणं-पुसणं, भांडी, वाढणं सगळ्यांनी मिळून. कारखानदाराचा मुलगा आणि हमाल एकाच ओळीत ताट घेऊन बसणार. अवचट बासरी घेऊन यायचे, कागदाच्या घड्यांतून पक्षी-प्राणी करून दाखवायचे, लाकडात कोरायचे. वरवर ही करमणूक वाटेल. पण ज्याच्या दिवसाचे सोळा तास माल मिळवण्यात, ओढण्यात आणि पुढच्या मालाची जुळवाजुळव करण्यात गेले, त्याच्या हाताला आता काय काम, हा प्रश्न डॉक्टरी भाषेतही खराच आहे.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मारहाण नाही. अनिताताईंना मुलं ‘बडी मॅडम’ म्हणत. खोटं बोलणाऱ्या, चोरून माल आत आणणाऱ्या मुलांशी त्या वागायच्या ती पद्धत तेव्हा अनेकांना भाबडी वाटली. व्यसनी माणसाला दांडक्याचीच भाषा कळते, असं मानणारी केंद्रं तेव्हाही होती आणि आजही महाराष्ट्रात सापडतात. घरच्यांकडून पैसे घ्यायचे, रात्री गाडी पाठवून माणूस उचलायचा, महिनोन्‌महिने कोंडायचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनाच्या आजारालाही आपल्या कक्षेत घेतलं. दाखल करताना संमती, केंद्राची नोंदणी, रुग्णाचे हक्क या गोष्टी सक्तीच्या केल्या. मुक्तांगणने त्यातलं बरंचसं कायद्याच्या तीस वर्षं आधी, केवळ माणुसकी म्हणून केलं होतं. हा इतिहास लिहिताना मला त्याचं पुरस्कारांपेक्षा जास्त मोल वाटतं.

मग बरी झालेली मुलं तिथेच काम करू लागली. ही कल्पना मुक्तांगणची एकट्याची नाही. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी दोन दारुडे, एक शेअरदलाल आणि एक सर्जन, एकमेकांशी बोलत राहिले तर आजचा दिवस न पिता जातो, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. ‘एए’ची बारा पायऱ्यांची वाट आणि मीटिंगची रीत मुक्तांगणने उचलली. जो स्वतः त्यातून गेला आहे त्याला समोरच्याची थाप ऐकताच ओळखू येते, आणि ओळखूनही राग येत नाही. पदवीधर समुपदेशकाला हे शिकायला वर्षं लागतात. पण नुसता अनुभवही पुरत नाही. आपलीच गोष्ट प्रत्येकावर लादायचा मोह होतो, म्हणून या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण लागतं. डॉक्टर, समुपदेशक आणि व्यसनातून बाहेर आलेला मित्र या तिघांनी एका टेबलावर बसायचं, कोणी कोणाला खालचं समजायचं नाही, ही सवय हळूहळू लागली. सरकारी रुग्णालयांत आजही ती दुर्मीळ आहे.

पण माणूस घरी गेल्यावर काय? कोणत्याही व्यसनमुक्ती केंद्राला हा प्रश्न लवकरच गाठतो. निरोप देताना हार घातलेला मुलगा काही दिवसांत पुन्हा दारात. जुना नाका तोच, जुने दोस्त तेच, खिशात पहिला पगार. या आजाराचा स्वभावच उलटण्याचा आहे. मधुमेहाची साखर वाढली म्हणून आपण रुग्णाला नालायक ठरवत नाही, तसंच इथे. ‘स्लिप’ झालेल्याला दार बंद करायचं नाही हे धोरण पक्कं झालं आणि पाठपुरावा उपचाराचाच भाग बनला. ठरलेल्या तारखेला यायचं, पत्र लिहायचं, पुढे फोन करायचा, गावोगावी फॉलोअपच्या बैठका घ्यायच्या. न पिता एक वर्ष झालं की त्याचा ‘वाढदिवस’ साजरा करायचा, आणि त्या दिवशी बायकोलाही स्टेजवर बोलवायचं.

बायको हा दुसरा विसरलेला पेशंट. दारुड्याच्या घरात तिची झोप, तिचा रक्तदाब, तिची नोकरी, तिचा स्वाभिमान सगळं त्याच्या बाटलीभोवती फिरत असतं. खिसे तपासणं, पाण्यात ओतून देणं, ऑफिसात ‘ताप आलाय’ म्हणून फोन करणं, उधारी फेडणं. प्रेमापोटी आणि लाजेपोटी ती जे जे सांभाळते, त्यातलं निम्मं व्यसनालाच टेकू देतं. नवरा सुधारून आला तरी ती वर्षभर त्याच्या तोंडाचा वास घेत राहते. तोही चिडतो, तीही, आणि दारूविना घर पुन्हा तसंच होतं. मुक्तांगणात यासाठी ‘सहचरी’ गट सुरू झाला. बायकांनी एकत्र बसायचं, आपलं सांगायचं. पहिल्यांदा आलेली बहुतेक वेळा नवऱ्याचंच सांगते. ती स्वतःबद्दल बोलू लागली की गट लागू पडला असं समजायचं. अमेरिकेत दारुड्यांच्या कुटुंबांसाठी अल-अ‍ॅनॉन १९५१ पासून आहे, पण आपल्याकडे बायको एकटी बाहेर पडून अशा बैठकीला येते तेव्हा तिला सासूची, शेजाऱ्यांची आणि बसभाड्याची अशा तीन परवानग्या लागतात. सहचरीचं यश त्या मानाने मोजायला हवं.

काळाबरोबर रुग्ण बदलले. सुरुवातीला गर्दवाली पोरं होती, नंतर खाटांवर जास्त करून दारूवाले आले. स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग झाला. बाई पिते हे घर आधी नाकारतं, मग लपवतं, आणि उपचारासाठी आणायचं तर पुरुषांच्या वॉर्डात कशी ठेवणार म्हणून थांबतं. तो अडसर या विभागाने काढला. कारखान्यांनी आपले कामगार पाठवायला सुरुवात केली, कारण कुशल माणूस काढून नवा शिकवण्यापेक्षा उपचार स्वस्त पडतात. केंद्र सरकारने संस्थेला पश्चिम विभागासाठी प्रशिक्षण केंद्राचा दर्जा दिला. आता इतर संस्थांचे कार्यकर्ते तिथे शिकायला जातात.

१० फेब्रुवारी १९९७ रोजी अनिताताई कर्करोगाने गेल्या. शेवटची काही वर्षं त्यांनी दुखणं अंगावर घेऊन काम केलं. एका व्यक्तीच्या मायेवर चाललेल्या संस्था त्या व्यक्तीबरोबर विझतात, हा महाराष्ट्रातला नेहमीचा अनुभव. इथे तसं झालं नाही. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर हिने धुरा घेतली, बरे झालेले कार्यकर्ते आधीपासून जागच्या जागी होते, आणि नियम, नोंदी, बैठका यांची चौकट तयार होती. प्रेमाला चौकट लागते हे समाजसेवेत फारसं कोणाला ऐकायला आवडत नाही. अवचटांना २०१३ मध्ये या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २७ जानेवारी २०२२ रोजी तेही गेले. ‘मुक्तांगणची गोष्ट’ या त्यांच्या पुस्तकात हा प्रवास त्यांच्याच साध्या भाषेत आहे. ज्यांना या कामात पडायचं आहे त्यांनी तो वाचावा.

आता नागपूर. २०१९ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि जवळजवळ पावणेसहा कोटींना त्यासाठी मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळतो, आणि १८० पैकी एकाला दाखल होऊन. नागपूर याला अपवाद असण्याचं कारण नाही. इथे देशी आहे, मोहाची आहे, बार आहेत, गेल्या काही वर्षांत एमडी (मेफेड्रोन) ही आहे, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर पानठेल्यात प्लास्टिकच्या तुकड्यावर घोटला जाणारा खर्रा आहे. खर्ऱ्याला कोणी व्यसन म्हणत नाही, पाहुणचार म्हणतात. २०१२ मध्ये राज्याने गुटख्यावर बंदी घातली, खर्रा मात्र ठेल्यावर ताजा बनतो म्हणून जणू त्या कायद्याच्या नजरेतून सुटला. तोंडाच्या कर्करोगाला हा फरक कळत नाही. व्यसनमुक्तीच्या बैठकीत मधल्या सुट्टीत खर्रा चघळणारी मंडळी मी पाहिली आहेत, तेव्हा हे लिहिणं भाग आहे.

शहरात काहीच नाही असं नाही. मेडिकल, मेयो आणि एम्स या तिन्ही रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, मनोरुग्णालय आहे. एएच्या मीटिंगा होतात. खासगी आणि स्वयंसेवी केंद्रं आहेत. त्यांपैकी मैत्री व्यसनमुक्ती केंद्रात काम केलेले तुषार नातू यांनी आपलाच प्रवास ‘नशायात्रा’ या पुस्तकात लिहिला, आणि तो विदर्भातल्या अनेक घरांत पोचला. कमी आहे ती या सगळ्यांना जोडणारी दोरी. मेडिकलच्या वॉर्डातून आकडी थांबवून घरी सोडलेल्या माणसाच्या हातात पुढच्या मीटिंगचा पत्ता नसतो. केंद्रातून बाहेर पडलेल्याची यकृताची तपासणी कोणी विचारत नाही. बायकोला तर कोणीच विचारत नाही. मुक्तांगणला हे धागे एकेक करून जोडायला तीस वर्षं लागली. नागपूरला तेवढी लागू नयेत, कारण नकाशा तयार आहे आणि डॉक्टर, खाटा, कार्यकर्ते इथेच आहेत. पहिली दुरुस्ती तर बिनपैशाची आहे. रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली जवळच्या मीटिंगचा वार, वेळ आणि जागा लिहायची, आणि कुटुंबाच्या बैठकीचीही.

ज्या घरात आज रात्री हा प्रश्न आहे, त्यांच्यासाठी दोन गोष्टी इथे छापून ठेवतो. रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. हात कापत असतील, भ्रम होत असेल किंवा आकडी आली असेल, तर गाडीची वाट न पाहता सरळ मेडिकल किंवा मेयोच्या तातडीच्या विभागात न्या आणि तो रोज किती पितो, शेवटचं कधी प्यायला, हे डॉक्टरांना लपवाछपवी न करता सांगा. आणि सल्ल्यासाठी केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४४६. तिला पैसे पडत नाहीत आणि फोन बायकोने, आईने किंवा मुलानेही केलेला चालतो.